पेन्सिलीची फुली

तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (इथल्या माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम गुडघे मावतात, त्यामुळे आठांपैकी चार-पाच अंगंच टेकली आहेत. उरलेली मनानं टेकली असं समजून घ्यावं.) मी इथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची पद्धत आहे, पण तुमची खुशाली मला तुमच्या पत्रातून कळलेली आहे आणि तिच्यात खुशाल असं काहीच नाही. तुमचा गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला आहे, मामींचं ब्लडप्रेशर कुणाचं ऐकत नाही, आणि तुम्ही कानातलं मशीन मुद्दाम घरी विसरून जाता, असं मामींनी खाली वेगळ्या शाईत लिहिलं आहे. मशीन लावत जा. निदान तुरुंगात धाकट्याच्या भेटीला जाताना तरी लावत जा. जाळीच्या पलीकडून तो काय बोलतो ते ऐकायला आपल्याकडून तुमच्याशिवाय कोणीही जात नाही.

तुमचं पत्र मिळालं आणि त्याच्या पोटात घडी घालून ठेवलेला कागदही मिळाला. सही कुठे करायची तिथे तुम्ही पेन्सिलीनं बारीकशी फुली मारली आहे. ती बघून मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू. सगळी हयात तुम्ही हेडक्लार्क म्हणून अशा फुल्या मारण्यात घालवलीत आणि मोठमोठे साहेब न वाचता त्या फुलीवर सही ठोकत गेले. (वाचून सही करणारा साहेब तुमच्या खात्यात एकच आला आणि त्याची महिन्याच्या आत बदली झाली, हे तुम्हीच आम्हाला जेवताना सांगायचात.) कागदात म्हटलं आहे, की मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम करताना माझ्याकडून बेरजेत चूक झाली, पुढे मी त्या चुकीचं भांडवल करून सरकारची बदनामी केली, आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. सही केली की धाकट्याला सोडतील, माझ्यावरचा खटला काढून घेतील आणि शाळेतली नोकरीसुद्धा परत मिळेल, असं त्या साहेबांनी तुम्हाला चहा पाजून सांगितलं. (चहा त्यांनी पाजला, यावरून प्रकरण किती पुढे गेलं आहे ते कळतं.) नाही केली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्हीही लिहिलं नाहीत. धाकट्याचा निरोप मात्र तुम्ही जसाच्या तसा कळवलात, की ताईनं सही केली तर जन्मात तिच्याशी बोलणार नाही. तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानं हे सोयीस्करपणे गाळलं असतं.

तर सहीचं काय ते लिहितेच. पण पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे, की तू तिथे इतके महिने करतेस तरी काय, आणि ही फेलोशिप म्हणजे नेमकी नोकरी की शिक्षण की हवापालट. आधी त्याचं उत्तर देते. (मी विषय टाळते आहे असं तुम्ही मामींना म्हणाल. म्हणा.)

फेलोशिपचं असं आहे, की लोकशाहीपायी मार खाल्लेली माणसं देशोदेशींहून वेचून आणतात, एका घरात ठेवतात आणि त्यांनी एकमेकांना प्रेरणा द्यावी अशी अपेक्षा करतात. घर तीन मजल्यांचं आहे, जिन्यावर जाड गालिचा आहे, त्यामुळे कोण वर येतं आहे ते ऐकू येत नाही, आणि या एका कारणासाठी आम्ही सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात गालिचा काढून टाका असा अर्ज केला. रोज नाश्त्यानंतर प्रेरणेचा तास असतो. त्यात एकानं आपली कहाणी सांगायची आणि बाकीच्यांनी प्रेरित व्हायचं. हे सगळं बघायला एक समन्वयक बाई आहेत. बाई स्वभावानं अगदी सोन्यासारख्या. त्यांच्या आयुष्यात आजवर कोणी दार वाजवलं ते फक्त पार्सल द्यायला, आणि देवानं त्यांना तसंच ठेवावं. आम्ही रोज एकमेकांच्या मोडलेल्या बरगड्या ऐकतो, बाई रंगीत चिठ्ठ्यांवर 'जिद्द', 'आशा' असं लिहून फळ्याला चिकटवतात आणि मग कॉफी येते.

आम्ही एकूण पाच जण. एक संपादक आहेत, त्यांचं दैनिक सरकारनं बंद केलं, तेव्हापासून ते फ्रिजवरच्या सूचना संपादित करतात. एक वकीलबाई आहेत, त्या बराच काळ आत होत्या आणि अजूनही बाथरूमचं दार लावून घेत नाहीत. (आम्ही बाहेर उभं राहून मोठ्यानं खोकतो.) एक तरुण आहे, तो चोरून रेडिओ केंद्र चालवायचा, त्याला आम्ही रेडिओच म्हणतो, कारण त्याला बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नाही. एक म्हातारे डॉक्टर आहेत, मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हा जखमींच्या कागदांवर 'पडून दुखापत' असं लिहायला त्यांनी नकार दिला. आणि पाचवी मी. या चौघांनी काही ना काही केलं आहे. माझी सगळी चळवळ म्हणजे एक न केलेली सही. तीसुद्धा मी काही बाणेदारपणानं नाकारली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोजणी संपल्यावर एक वरचे साहेब आकडे बदललेला नवा तक्ता घेऊन आले. मी सवयीनं त्याची बेरीज केली, तर उभी बेरीज आडव्या बेरजेशी जुळेना. मी म्हटलं, साहेब, आधी हे जुळवून आणा, मग बघू. सातवीतल्या पोराची वहीसुद्धा मी अशी तपासून देत नाही. मला खरोखर एवढंच म्हणायचं होतं. ते जुळवून आणायच्याऐवजी पोलीस घेऊन आले, आणि मग मात्र माझं डोकं फिरलं आणि मी खरा आकडा खिडकीतून बाहेरच्या गर्दीला ओरडून सांगितला. इथे ही हकिगत प्रेरणेच्या तासाला सांगितली तेव्हा समन्वयक बाईंनी डोळे पुसले आणि चिठ्ठीवर 'धैर्य' लिहिलं. मी म्हटलं 'बेरीज' लिहा, पण त्यांना तो विनय वाटला.

आता असे पाच जण एका टेबलावर जेवायला बसले की काय होतं ते ऐका. प्रत्येकाला भिंतीकडे पाठ आणि दाराकडे तोंड करून बसायचं असतं. कोणी कुणाला बोललं नाही, पण तिसऱ्या दिवसापर्यंत पाचही खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला लागल्या आणि समोरची बाजू मोकळी. तेव्हापासून आम्ही खांद्याला खांदा लावून, दाराकडे बघत सूप पितो. एकदा फेलोशिपला देणग्या देणारे एक गृहस्थ पाहुणे म्हणून आले आणि आत पाऊल टाकताच घाबरून दारातच आपली शैक्षणिक पात्रता सांगायला लागले. त्यांना वाटलं मुलाखत आहे.

भांडी घासायचं वेळापत्रक ठरवायला मतदान घ्यावं, असं समन्वयक बाईंनीच सुचवलं. लोकशाहीवादी माणसं आहेत, चुटकीसरशी होईल, असा त्यांचा अंदाज. केंद्राध्यक्ष अर्थातच मी. वकीलबाईंनी मतदार यादीवर हरकत घेतली, कारण डॉक्टर भांडी वापरतच नाहीत, फक्त पाव खातात. रेडिओनं प्रचाराला समान वेळ मिळाला नाही म्हणून बहिष्कार टाकला आणि बहिष्कार टाकणाऱ्यांची मतं धरावीत म्हणून पुन्हा वाद घातला. मोजणी केली, तर चार मतदारांची पाच मतं निघाली. संपादकांनी शांतपणे सांगितलं, की मी दोनदा मत दिलं, यंत्रणा जागी आहे का बघत होतो. मामा, मला हसू आवरेना. नंतर मी खोलीत गेले आणि बराच वेळ रडले, कारण निवडणुकीच्या नावानं मला किती दिवसांत हसू आलं नव्हतं. भांडी आजही ज्याला राहवत नाही तोच घासतो.

आता मुख्य हकिगत. गेल्या आठवड्यात इथे आगीची रंगीत तालीम झाली. घंटा वाजली की सगळ्यांनी शांतपणे पुढच्या दारानं बाहेर पडायचं, अंगणातल्या हिरव्या खांबापाशी उभं राहायचं, हजेरी द्यायची आणि परत येऊन कॉफी प्यायची. समन्वयक बाईंनी तशी सूचना दोन दिवस आधी फ्रिजवर लावली होती. पण संपादकांना तिची भाषा पसंत पडली नाही, म्हणून ते ती पुन्हा लिहायला खोलीत घेऊन गेले आणि मजकूर फुलवत बसले. त्यामुळे दुपारी घंटा वाजली तेव्हा ती कसली हे समन्वयक बाईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. (संपादकांना माहीत असायला हवं होतं. पण घंटा ऐकल्यावर माणूस आठवण्याच्या पलीकडे जातो, हे त्यांनी नंतर मान्य केलं.)

बाई बाहेर पिवळा अंगरखा घालून, शिट्टी घेऊन उभ्या. शेजारी अग्निशमन दलाचे दोन जवान. आत आम्ही काय केलं? वकीलबाईंनी प्रत्येक खोलीत जाऊन सगळ्यांचे फोन गोळा केले आणि गॅसवरच्या सुपात बुडवले. संपादकांनी खिशातला कागद चावून गिळला. ती धोब्याची पावती होती, आणि त्यांचे दोन शर्ट अजून धोब्याकडेच आहेत. रेडिओ संडासाच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर गेला, तिथून गॅरेजमध्ये उतरला आणि आवाज न करता बसून राहिला. तो आवाज न करता बसला यावरून प्रसंगाचं गांभीर्य तुमच्या लक्षात येईल. मी स्वेटर उलटा करून घातला, मागच्या दारानं बाहेर पडले, समोर आलेल्या बसमध्ये चढले, दोन थांब्यांनी उतरून दुसरी बस पकडली. हे मला कुणी शिकवलं नाही. इथल्या सकाळच्या तासांनी एवढी प्रेरणा मात्र खरोखर दिली आहे. हिरव्या खांबापाशी चिटपाखरू आलं नाही. नियमाप्रमाणे जो हजर नाही तो जळाला असं धरतात, त्यामुळे त्या दुपारी आम्ही पाचही जण कागदोपत्री जळून गेलो.

मग ते जवान नियमाप्रमाणे आत शोधायला गेले. तिसऱ्या मजल्यावर त्यांना डॉक्टर सापडले. पलंगावर ताठ बसलेले, कोट घातलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पायाशी छोटी बॅग भरून तयार. जवानाला बघून ते उठले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, चला. जवान पोरगेला होता. तो म्हणाला, आजोबा, नुसती तालीम आहे. डॉक्टर म्हणाले, असंच सांगतात. त्याला काही केल्या कळेना की यांना धरून न नेता खाली कसं न्यावं, आणि डॉक्टरांना पटेना की न धरता कुणी नेतं. शेवटी तो त्यांचा हात हातात घेऊन जिना उतरला. समन्वयक बाईंच्या हातून शिट्टी पडली. त्या दिवसापासून त्यांनी फळ्याला एकही चिठ्ठी चिकटवलेली नाही.

मी एका कपडे धुण्याच्या दुकानात बसले होते. समोर यंत्रात कुणाच्या तरी चादरी फिरत होत्या. श्वास जागेवर आला तेव्हा मी काय काय बरोबर घेऊन पळाले ते बघितलं. पासपोर्ट नाही. पैसे नाहीत. चष्म्याचं घर नाही. मुठीत तुमचा तो कागद होता. खोलीतून निघताना मी उशीखालून तेवढाच उचलला होता. जाळून टाकायला हवा होता तो, किंवा संपादकांसारखा गिळायला. पण माझ्या हातांनी तो एखाद्या लेकरासारखा उचलून बाहेर आणला होता. मामा, मला त्या दुकानात त्या वेळीच कळलं, की मी सही करणार नाही असं जे स्वतःला सांगत होते ते खरं नव्हतं. आणि मला स्वतःची फार लाज वाटली.

संध्याकाळी आम्हाला एकेक करून गोळा करण्यात आलं. (रेडिओला शेजारच्या गृहस्थांनी आणून दिलं, त्यांना तो गाडीखाली दिसला.) सूप फोनांसकट ओतून द्यावं लागलं, म्हणून आम्ही पाव आणि उकडलेले बटाटे घेऊन नेहमीसारखे ओळीनं बसलो. रेडिओनं विचारलं, ताई, मुठीत काय आहे. मी कागद वाचून दाखवला, धाकट्याचं सांगितलं, त्याचा निरोपही सांगितला. तो घड्याळं दुरुस्त करतो, राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नाही, मतदानाच्या दिवशी तर कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता म्हणून मत द्यायलासुद्धा गेला नव्हता, हेही सांगितलं. मी हाती लागले नाही म्हणून त्याला धरलं. एवढं बोलून मी वाट बघत बसले. मला वाटलं, आता चौघं मिळून मला प्रेरणा देतील. दररोज सकाळी देतात तशी. झुकू नकोस म्हणतील. मी ती ऐकायला घाबरले होते, आणि ती मिळावी असंही वाटत होतं.

संपादक बटाटा सोलता सोलता म्हणाले, सही कर. वकीलबाईंनी विचारलं, पेन आहे का? मग कळलं, की संपादकांनी आपल्या दैनिकातल्या सगळ्या बातम्या खोट्या होत्या असं कबूल करून पहिल्या पानावर माफी छापली होती, पुतणीला सोडवायला. वकीलबाईंनी आपण वेड्या आहोत असं लिहून दिलं आहे. त्यांची आई बाहेर इस्पितळात होती आणि तिच्यापर्यंत औषध पोचू देत नव्हते. रेडिओनं तर लिहून दिलं आहे, की तो आवाज माझा नाही. म्हणजे कायद्यानं तो मुका आहे. मी रागावले, मामा. चांगलीच रागावले. म्हटलं, मग रोज सकाळी मला कसल्या गोष्टी सांगत होतात? संपादक म्हणाले, आधीच्या दिवसांच्या आणि नंतरच्या दिवसांच्या. मधला एक दिवस सगळेच गाळतात. आम्हाला वाटलं तुलाही तसा दिवस असेल. मी म्हटलं, मला नाही. ते म्हणाले, आता आला.

सही न केलेले एकटे डॉक्टरच. मी त्यांना विचारलं. त्यांना माझ्यासारखाच कागद आणून दिला होता आणि त्यांचा मुलगा आत होता. डॉक्टरांनी सही केली नाही. मुलगा पुढे सुटला, जिवंत सुटला, घरी आला. घर एकच, टेबल एकच. मुलाला मीठ हवं असलं तर तो आईला सांगायचा, ते डॉक्टरांच्या पुढ्यात असलं तरी. मी विचारलं, तुम्हाला पश्चात्ताप होतो का? ते म्हणाले, होत नाही, मी बरोबरच होतो, तेच तर अवघड आहे. बॅग कशाला भरून ठेवता असं रेडिओनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी मी लगेच सापडावा, त्यांना माझ्याऐवजी दुसरं कोणी शोधत बसावं लागू नये. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं आता सल्ला देतील. त्यांनी एवढंच विचारलं, की तुझ्या भावाचे हात कसे आहेत.

मामा, तुम्ही लिहिलं होतं की भेटीत त्याला पाणी दिलं आणि त्यानं पेला दोन्ही हातांनी धरला. एवढंच वाक्य, आणि पुढे लगेच हवापाण्याचं. ज्या माणसानं चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग उचलून जागेवर बसवली आहे, तो पाण्याचा पेला दोन हातांनी का धरेल, हे मी तुमचं पत्र इतक्या वेळा वाचूनही स्वतःला विचारलं नव्हतं. मी डॉक्टरांना ते वाक्य सांगितलं. ते उठले, आणि पाच जणांची भांडी एकट्यानं घासून ठेवली.

काल समारोपाचा कार्यक्रम झाला. मोठं सभागृह, फुलं, भाषणं. व्यासपीठावर आम्हाला भिंतीकडे पाठ करून ओळीनं बसवलं होतं, त्यामुळे आम्ही अगदी घरच्यासारखे होतो. माझ्या फोटोचं माणसाएवढं पोस्टर लावलं होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'जिनं सही केली नाही'. फोटोत मी बद्धकोष्ठ झाल्यासारखी दिसते, पण इथे त्याला निर्धार म्हणतात. मी बोलले. नेहमीचंच बोलले, उभी बेरीज, आडवी बेरीज. लोक उठून उभे राहिले. त्यानंतर कॉलेजच्या मुली त्या पोस्टरच्या छोट्या प्रती घेऊन माझ्याभोवती जमल्या आणि म्हणाल्या, सही द्या. मी एकीला दिली, मग दुसरीला, मग हात दुखेपर्यंत देत गेले. प्रत्येक 'सही केली नाही'च्या खाली माझी सही. चौघे लांबून बघत होते. संपादक हसायला लागले, आणि मग आम्ही पाचही जण असे हसलो, की संचालकांना वाटलं फेलोशिप यशस्वी झाली. झालीच म्हणायची. माणसं जोडली जातात, हे त्यांच्या पत्रकात लिहिलं आहे ते खोटं नाही. फक्त कुठे जोडली जातात ते त्यांना माहीत नाही.

आता पुरे करते. मामींना म्हणावं मीठ कमी करा. गुडघ्यावर उपाय म्हणून तुम्ही जिना चढणं बंद केलं आहे, ते ठीक. पण डॉक्टरांकडे जाणंही जिन्यामुळे बंद केलं आहे, हे ठीक नाही. लहानथोरांना ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद सांगा. लोभ आहेच, तो आता जरा ताणला जाणार आहे.

तुमची भाची.

ता. क. — हे पत्र टपालानं येणार नाही. वकीलबाईंच्या ओळखीची एक व्यक्ती ते तुमच्या हातात देईल. वाचून झालं की जाळा. तुम्ही जन्मात कागद जाळलेला नाही हे मला माहीत आहे, तर मामींना जाळायला द्या. आतला दुसरा कागद मात्र जपा. फुलीवर सही केली आहे. काल सकाळी केली, समारंभाला जायच्या आधी. तुम्ही माल बघितल्याशिवाय कधी बिल सोडलं नाहीत. तसं धाकटा फाटकाबाहेर येऊन तुमच्या शेजारी उभा राहीपर्यंत हा कागद खिशातून काढायचा नाही. साहेबांनी कितीही चहा पाजला तरी नाही.

ता. क. २ — त्याला सांगायचं, ताईनं सही केली नाही. तुम्हीच कुणाच्या तरी हातापाया पडून त्याला सोडवलंत असं सांगा. तो तुमच्यावर चिडेल, तुमचा अपमान करेल. तेवढा माझ्यासाठी सोसा. नोकरी परत नको म्हणून कळवा. आपल्याला बेरीज येत नाही असं लिहून दिलेल्या बाईनं फळ्यासमोर उभं राहू नये.

ता. क. ३ — खरं मागणं हे आहे, वरचं सगळं त्याची प्रस्तावना. तो कागद ते पेपरात छापतील, मग सातवीची मुलं तुम्हाला रस्त्यात अडवतील. धाकट्याला पेपर दाखवू नका; मुलांना मात्र तुम्ही सांगा, की बाईंची खरंच बेरीज चुकली होती. मुलं हुशार आहेत, विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी ठेवावा अशा आवाजात सांगा. नाहीतर त्यांतलं एखादं भर रस्त्यात मोठ्यानं म्हणेल की आमच्या बाईंची बेरीज कधी चुकत नाही, आणि मामा, त्या वर्गातल्या प्रत्येकाला घरी कुणी ना कुणी धाकटं आहे.